घोड्याच्या वाटेने: बाथ ते डिव्हायझिस, कालव्याकाठी

आमच्या अण्णांची सगळी नोकरी नीरा डाव्या कालव्यावर गेली. पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी बारामतीकडे जाताना कालवा आडवा आला की ते गाडीची काच खाली करतात आणि आवर्तन सुरू आहे का, पाणी किती उंचीला आहे, हे बघून घेतात. या मे महिन्यात ते आणि आई आमच्याकडे रेडिंगला आले. लंडन झालं, विंडसर झालं, स्टोनहेंज झालं. अण्णा सांगू तिथे उभे राहिले, फोटो काढून घेतले. मन मात्र कशात लागलेलं दिसेना.

मग एका संध्याकाळी फिरताना ते पाण्याच्या काठाशी थबकले. "हा कालवाय ना गं?"

रेडिंगला केनेट नदी टेम्सला मिळते आणि तिथूनच केनेट अँड एव्हन कालव्याचा जलमार्ग पश्चिमेकडे निघतो. मी म्हटलं, हो, पार ब्रिस्टलच्या दिशेने जातो, ८७ मैल.

"भिजवतो किती?"

"काहीच नाही. होड्यांसाठी आहे."

"८७ मैल पाणी नेलं आणि एक एकर भिजवला नाही?" अण्णा बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आणि हे वाहतही नाहीये. थांबलंय. मग हे आणतात कुठून?"

या प्रश्नाचं उत्तर मला देता येईना, आणि त्यातूनच आमची पायपीट ठरली. कालव्याच्या एका बाजूने सलग वाट असते, तिला टोपाथ म्हणतात. इंजिनं नव्हती तेव्हा होडीला लांब दोर बांधून घोडा काठावरून चालायचा. ही वाट त्या घोड्यासाठी केलेली. रस्त्यावर एका घोड्याला टन-दीड टनाची गाडी ओढतानाच दम लागतो. थांबलेल्या पाण्यात तोच घोडा ३० टनांच्या वर माल हलवतो. आज घोडे नाहीत, वाट आहे, आणि तिच्यावरून कोणालाही फुकट चालता येतं. ८७ मैलांतला बाथ ते डिव्हायझिस हा पश्चिमेकडचा तुकडा सर्वांत देखणा समजतात, आणि अण्णांच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच मिळण्यासारखं होतं. मध्ये ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनला मुक्काम करायचा ठरला. आई म्हणाली, "कालवाच बघायचा होता तर विमानात कशाला बसलो?" ती नातीजवळ घरी राहिली, आणि आम्हाला दशम्या बांधून दिल्या.

बाथच्या रेल्वे स्टेशनवरून विडकमला पाच-दहा मिनिटांत पोचलं की कालवा एव्हन नदीपासून वर चढायला लागतो. इथेच अण्णांना पहिलं लॉक भेटलं, म्हणजे होडी एका पातळीवरून दुसरीवर नेणारा, दोन्ही टोकांना दारं असलेला हौद, आणि तेही बाथ डीप लॉक. जवळजवळ १९ फूट खोल. पूर्वी इथे दोन लॉक होती; १९७६ साली बाजूच्या नव्या रस्त्यामुळे दोन्हींचं मिळून एक केलं. कठड्यावरून वाकून पाहिलं तर खाली ओल्या, शेवाळलेल्या भिंती आणि तळाशी काळं पाणी. एक लांबट नॅरोबोट आत शिरली, मागचं दार बंद झालं, वरच्या बाजूने पाणी आत यायला लागलं, आणि होडी, तिच्यावरचा कुत्रा आणि चहाचा मग हातात धरलेली बाई असे सगळे हळूहळू आमच्या पातळीला आले.

अण्णा मोजत होते. इथल्या एका सर्वसाधारण रुंद लॉकमध्ये होडी वर चढवायची किंवा उतरवायची तर दोन-अडीच लाख लिटर पाणी वरच्या अंगाकडून खालच्या अंगाला जातं. या खोल लॉकला अर्थात त्याहून जास्त. होडी चढो की उतरो, पाणी मात्र खालीच जातं.

"म्हणजे प्रत्येक होडीमागे पाण्याचा एक हौद खाली," अण्णा म्हणाले. "वरून येणार कुठून?"

बाथची सहा लॉक चढून गेलं की सिडनी गार्डन्स ही जुनी बाग लागते. कालवा बागेच्या मधून जातो. बागेच्या मालकांनी त्याबद्दल कालवा खोदणाऱ्या कंपनीकडून घसघशीत रक्कम तर घेतलीच, शिवाय पूल शोभिवंतच हवेत अशी अट घातली. त्यामुळे इथे १८०० साल कोरलेले बिडाचे पांढरे पूल आहेत, नाजूक कमानीचे. पुढच्या बोगद्याच्या डोक्यावर क्लीव्हलंड हाउस नावाची इमारत आहे. कालवा कंपनीची कचेरी तिथे होती. बोगद्याच्या छताला एक चौकोनी झरोका दिसतो. वरचा कारकून आणि खालचा नावाडी त्यातून कागदपत्रांची देवाणघेवाण करायचे असं सांगतात. अण्णा म्हणाले, आमच्या उपविभागातही असा झरोका पाहिजे होता, शेतकऱ्यांना जिने चढायला लागले नसते.

शहर संपलं आणि हॉथॉर्नची पांढरी फुलं दोन्ही बाजूंना दिसायला लागली. मे महिन्यात इथे सगळंच एकदम उगवून येतं. वाट कच्ची पण दाबलेली, जोडीने चालता येईल इतकी रुंद. हिरवळ, विलोच्या पाण्यात टेकलेल्या फांद्या, राखाडी पिल्लं पाठीमागे घेऊन चाललेली हंसीण. चालणाऱ्याला सुखाची गोष्ट म्हणजे चढ-उतार नाही. बाथच्या वरच्या लॉकपासून ब्रॅडफर्डच्या लॉकपर्यंत नऊ-दहा मैल कालवा एकाच पातळीत आहे, कारण तो डोंगराच्या कडेने समपातळी धरून काढलाय. गुडघे दुखणाऱ्यांनाही ही वाट झेपते. त्रास फक्त सायकलवाल्यांचा. ही राष्ट्रीय सायकलमार्गाचीही वाट आहे. मागून घंटी वाजली की डावी-उजवी न ठरवता एका बाजूला व्हायचं, पाण्याच्या बाजूला नको एवढंच बघायचं. दुसऱ्या बाजूला नेटलची झुडपं असतात, हात लागला की चटका बसतो, तेव्हा निवड आपली.

बाथॅम्प्टनपासून पुढे काठाला होड्यांची रांगच लागते. छपरावर सरपणाची मोळी, सायकल, सोलर पॅनेल, कुंडीत टोमॅटोची रोपं, धुराड्यातून धूर. यांतले कितीतरी लोक बारा महिने होडीतच राहतात. ज्यांच्याकडे हक्काचा धक्का नाही, त्यांना सर्वसाधारणपणे १४ दिवसांच्या आत जागा सोडून पुढे सरकावं लागतं. बाथमधली घरभाडी पाहिली की होडीत राहायला का येतात हे कळतं. काहीजण हौसेने आलेत, काहीजण परवडत नाही म्हणून, आणि काठावरून चालताना कोण कुठला हे ओळखू येत नाही. मला हे फोटोतलं चित्र म्हणून बघवत नाही. पाण्याच्या नळापाशी कॅन भरत उभा असलेला एक तरुण म्हणाला, हिवाळ्यात ही वाट म्हणजे निव्वळ चिखल, आणि शौचालयाची टाकी रिकामी करायला ओढत न्यावी लागते. अण्णा त्याला मराठीत "खरंय" म्हणाले. त्याला कळलं असावं.

क्लॅव्हर्टनला आम्ही वाटेवरून खाली उतरलो. रेल्वेचं फाटक ओलांडलं की नदीकाठी दगडी पंपघर आहे. याच्यासाठीच मी अण्णांना इथवर आणलं होतं.

जॉन रेनी हा या कालव्याचा मुख्य अभियंता. रेडिंग ते न्यूबरी आणि बाथ ते ब्रिस्टल हे नद्यांचे भाग १७२० च्या दशकातच होड्यांसाठी सुधारलेले होते. मधला तुकडा १७९४ ते १८१० या काळात रेनीने खोदून घेतला, म्हणजे लंडन आणि ब्रिस्टल समुद्राला वळसा न घालता जोडले गेले. कालवा डोंगराच्या कडेला, नदी खाली ४८ फुटांवर, आणि कालव्याला पाणी तर हवं. कोळसा जाळून पंप चालवायचा तर रोजचा खर्च. म्हणून रेनीने नदीवरच एक भलंमोठं पाणचक्र बसवलं, २४ फूट रुंद. नदीचं बरंचसं पाणी ते चक्र फिरवून परत नदीत जातं, आणि त्या जोरावर पंप थोडं पाणी ४८ फूट वर कालव्यात फेकतात. १८१३ साली हे सुरू झालं आणि १९५२ पर्यंत चाललं. नंतर स्वयंसेवकांनी आणि बाथ विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी ते दुरुस्त केलं. आता रोजचं काम विजेचे पंप करतात, चक्र ठरावीक दिवशी लोकांना दाखवायला फिरवतात.

आम्ही गेलो तो तसला दिवस नव्हता. अण्णांना त्याचं काही नव्हतं. ते बाहेरून पाण्याचा येण्याचा चर बघत राहिले, मग जाण्याचा, मग डोंगराकडे मान वर करून कालवा कुठे असेल त्याचा अंदाज घेतला. "नदीकडूनच नदीचं पाणी उचलून घेतलं," ते म्हणाले. "बिल शून्य." पाटबंधारे खात्यात उपसा सिंचनाच्या वीजबिलांवर ज्यांनी बैठकांमागून बैठका काढल्या, त्यांच्या तोंडचे हे दोन शब्द म्हणजे मोठीच पावती.

तिथून डंडास जलसेतू फार लांब नाही. झाडीतून वाट जाते आणि मे महिन्यात तिथे रानलसणाचा वास भरून राहिलेला असतो. कालवा एकदम काटकोनात वळतो आणि नदी, रेल्वे सगळं ओलांडून दरीच्या पलीकडे जातो. तीन कमानी, मधली मोठी, बाथच्या पिवळसर दगडाचं बांधकाम, वरती रुंद कंगोरा; एखाद्या देवळाला शोभेल असं काम एका मालवाहू कालव्यासाठी केलंय. कंपनीचे पहिले अध्यक्ष चार्ल्स डंडास यांचं नाव दिलेलं आहे. रेनीला खरं तर इथे वीट वापरायची होती. हा दगड थंडीने फुटतो, टिकत नाही, हे तो सांगत होता. पण दगड हाताशी होता, संचालकांनी ऐकलं नाही. पुढे दुरुस्तीत जागोजागी निळसर विटा घालाव्या लागल्या, त्या आजही ठिगळासारख्या दिसतात. अण्णांनी ती ठिगळं मला एकेक करून दाखवली. फोटो मात्र त्यांनी कमानीचा काढून घेतला नाही, कंगोऱ्याखाली पाणी झिरपतंय का तेवढंच पाहिलं.

जलसेतूच्या अलीकडच्या टोकाला एक छोटी बिडाची क्रेन आहे, आणि तिथेच सॉमरसेट कोल कॅनॉल येऊन मिळायचा. सॉमरसेटच्या खाणींचा कोळसा हाच या कालव्याचा मुख्य माल. आपण ज्याला रम्य म्हणतो त्या वाटेवरून त्या काळी कोळशाची धूळ, घोड्यांची लीद आणि नावाड्यांच्या शिव्या असं सगळं जात असणार. जुन्या दगडी पुलांच्या आतल्या कोपऱ्यांवर हात फिरवून बघा, बोटभर खोल खाचा लागतात. ओल्या, वाळू चिकटलेल्या दोरांनी वर्षानुवर्षं घासून त्या पाडल्यात. माझ्या मते या अख्ख्या वाटेवर बघण्यासारखं काही असेल तर त्या खाचा. हंस काय, कुठेही दिसतात.

डंडास ते एव्हनक्लिफ या पट्ट्यात कालवा सुंदर आहे आणि सगळ्यांत दुखणेकरीही. डोंगर चुनखडीचा, सरकणारा, भेगा पडणारा. रेनीच्या काळी कालव्याच्या तळाला चिकणमाती पाण्यात मळून, तुडवून तिचा जाड थर देत. अण्णांना हे सांगायची गरज नव्हती. आपल्याकडच्या जुन्या मातीच्या धरणांच्या पोटात तशाच मातीचा गाभा असतो. पण इथली जमीन हलली की थर फुटायचा आणि पाणी खडकात जिरायचं. १९५० च्या दशकात हा पट्टा कोरडाच पडला आणि वीसेक वर्षं इथे गवत, झाडं माजली होती. १९७० च्या दशकात काँक्रीटचं अस्तर करून त्यात पुन्हा पाणी सोडलं.

यावर अण्णा बराच वेळ बोलले, आणि चालताना थांबून थांबून बोलले. आपल्याकडे कालव्याच्या अस्तरीकरणाचं काम हाती घेतलं की गावं विरोध करतात, कारण कालव्याच्या पाझरावर खालच्या विहिरी जगतात. कागदावर ती गळती, शेतकऱ्याच्या हिशेबात ते पाणी. इथे पाझराचा कुणाला उपयोग नाही. कालवा गळला की सरळ मेलाच. "आम्ही गळती दाखवली की वरचे रागवायचे आणि बंद केली की खालचे," ते म्हणाले. "यांचं बरं होतं, एकाच बाजूने शिव्या."

एव्हनक्लिफला कालवा दुसऱ्या जलसेतूवरून नदी परत ओलांडतो. याची मधली कमान बांधल्यावर लवकरच खचली, आणि ती खच आजही नुसत्या डोळ्यांना दिसते. खाली नदी, बंधारा, जुन्या गिरण्या आणि एक इतकं लहान रेल्वे स्टेशन की गाडी थांबवायला हात दाखवावा लागतो. थकलात तर इथून गाडी पकडून परत जाता येतं, हे लक्षात ठेवावं. आम्ही नदीकाठच्या बाकावर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. वाटेत झाडीत अधूनमधून काँक्रीटचे चौकोनी बुरूज दिसतात, ते दुसऱ्या महायुद्धातले. जर्मन उतरलेच तर कालवा खंदकासारखा वापरायची योजना होती.

ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनला पोचलो तेव्हा उजेड भरपूर होता. मे अखेरीस इथे नऊ वाजता मावळतं. कालव्याच्या खालच्या अंगाला १४ व्या शतकातलं धान्यकोठार आहे, १६८ फूट लांब, वर लाकडी कैच्यांचं आढं. गावकऱ्यांकडून मठाचा वाटा म्हणून आलेलं धान्य तिथे साठवत. अण्णा आत उभे राहून म्हणाले, सारा वसुली सगळीकडे सारखीच. रात्री जेवायला भाजीचं काहीतरी मिळालं, फार लिहावं असं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीचा पहिला अर्धा भाग मी लवकर उरकते, कारण तो तसाच आहे. डोंगर संपतात, सपाट शेतं लागतात, गायी, फिरते पूल, आणखी गायी. सेमिंग्टनला मात्र एक गंमत आहे. इथे वळणरस्ता काढताना तो कालव्याला आडवा आला, तर २००४ साली कालव्याखातर नवा जलसेतू बांधला. वर होड्या, खाली ए३५० रस्त्यावर ट्रक. आम्ही मधोमध उभे राहून बघत होतो. व्यापारासाठी मेलेल्या कालव्याला रस्तेवाल्यांनी स्वतः पूल बांधून द्यावा, हे अण्णांना पटायला वेळ लागला. "आपल्याकडे मोरीत पाइप टाकून मोकळे झाले असते," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "आम्हीसुद्धा तेच केलं असतं."

सीएंडला पाच लॉक आहेत. तिथे एक वयस्कर जोडपं होडी वर चढवत होतं. बाई सुकाणूवर, बुवा दारापाशी. अण्णा त्यांच्या मागे हात बांधून इतके बारकाईने बघत उभे राहिले की त्या गृहस्थांनी शेवटी लोखंडी हँडलच त्यांच्या हातात दिलं.

काम असं चालतं. आधी लॉक रिकामं असेल याची खात्री करायची, खालचं दार उघडून होडी आत घ्यायची, दार लावायचं. खालच्या दाराची पॅडल, म्हणजे दाराच्या पोटातली सरकती झाकणं, पूर्ण बंद आहेत ना बघायचं. मग वरच्या अंगाच्या पॅडलला हँडल लावून दात्यांवरून ती थोडी थोडी उचलायची. एकदम उचलली तर पाण्याच्या लोंढ्याने होडी मागेपुढे आदळते. खटका अडकवल्याशिवाय हँडल सोडायचं नाही, नाहीतर ते उलटं फिरून मनगट मोडतं. लॉकचं दार दोन झडपांचं असतं आणि त्या वरच्या अंगाकडे टोक करून, कोनात मिटतात. त्यामुळे वरचं पाणी जितकं दाबेल तितकं दार घट्ट बसतं. कडी नाही, कुलूप नाही. अण्णा म्हणाले, "पाणीच दार लावून घेतं की!" आणि त्या गृहस्थांना हे सांगायला त्यांनी मला दुभाषी केलं.

लॉक भरत आलं तसे अण्णा दाराच्या लांब लाकडी दांड्याला पाठ लावून उभे राहिले. हे दार हातांनी ढकलत नाहीत. पाठ टेकवायची, पाय रोवायचे आणि मागे रेटायचं. ते रेटायला लागले, दार हलेना. आणखी रेटलं. गृहस्थ हसून म्हणाले, थांबा. दोन्हीकडचं पाणी वीतभर काय, बोटभर जरी वरखाली असेल तरी कितीही माणसं लावा, दार हलत नाही. पातळी एक झाली की आपोआप हलतं. आणि तसंच झालं. काही खटाटोप न करता, सुमारे अर्ध्या मिनिटाने, ते अवजड दार अण्णांच्या पाठीमागे सहज सरकलं. पुढच्या चारही लॉकना त्यांनी हँडल परत दिलं नाही.

फॉक्सहँगर्सपासून खरा चढ. डिव्हायझिसचं गाव टेकडीवर आहे, आणि तिथवर जायला दोन मैलांत २९ लॉकनी २३७ फूट चढायचं. खालची सात, मग केन हिलवर सलग सोळा, मग वर सहा. होडीला पाच-सहा तास लागतात. आम्ही पायीवाल्यांना तासाभराच्या आत जमतं. खाली उभं राहून वर पाहिलं की एकापुढे एक काळी-पांढरी दारं आणि त्यांचे दोन बाजूंना पसरलेले दांडे टेकडीच्या माथ्यापर्यंत दिसतात. हे फोटोत अनेकदा पाहिलं होतं. फोटोत बाजूची तळी येत नाहीत. सोळा लॉक इतकी जवळजवळ आहेत की दोन लॉकच्या मध्ये पाणी साठवायला लांबी उरत नाही. म्हणून रेनीने प्रत्येक दोन लॉकमध्ये आडवं, बाजूला पसरलेलं तळं दिलं. एक लॉक भरताना पाणी त्यातून घ्यायचं, दुसरं रिकामं करताना त्यात सोडायचं. आता त्यांच्या काठाला लव्हाळी आणि बगळे आहेत, पण आहेत ते हौदच.

हा टप्पा सगळ्यांत शेवटी, १८१० साली पुरा झाला. तोवर दोन्हीकडचा कालवा तयार होता आणि मध्ये ही टेकडी. म्हणून काही वर्षं खालपासून वरपर्यंत घोड्यांचा लोहमार्ग होता. माल होडीतून उतरवायचा, टेकडी चढवायचा, परत होडीत भरायचा. रस्त्याच्या पुलांना कालव्याच्या कमानीशेजारी आणखी एक छोटी कमान दिसते, ती त्या लोहमार्गाची. विटा इथल्याच मातीच्या, जवळ भट्टी घातली होती. १८२९ साली इथे गॅसचे दिवे लावले, रात्रीही होड्या जाव्यात म्हणून, आणि रात्रीचा जादा आकार लावला. मग १८४१ साली लंडन ते ब्रिस्टल रेल्वे सुरू झाली. १८५२ साली ग्रेट वेस्टर्न रेल्वेने कालवाच विकत घेतला, आणि स्पर्धकाची डागडुजी कोण मनापासून करेल? विसाव्या शतकाच्या मध्यावर इथली दारं कुजली होती, तळी कोरडी होती. लोकांनी अर्ज केले, सह्या गोळा केल्या, फावडी घेऊन सुट्टीच्या दिवशी गाळ काढला. ८ ऑगस्ट १९९० रोजी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते केन हिलवर कालवा पुन्हा उघडला.

आणि आता अण्णांचा प्रश्न. टेकडीवर पाणी आणतात कुठून? उत्तर खालीच, फॉक्सहँगर्सला आहे. १९९६ साली तिथे पंप बसवले. लॉकमधून खाली आलेलं पाणी ते परत टेकडीच्या माथ्यावर नेऊन सोडतात, दिवसाला ३ कोटी २० लाख लिटरपर्यंत. म्हणजे साधारण दर अकरा मिनिटांना एक लॉकभर.

अण्णांनी बाकावर बसून मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढला. लिटरचे घनमीटर, दिवसाचे सेकंद, मग घनफूट. "तेरा क्यूसेक्स," ते म्हणाले. "एका लहान चारीचं पाणी." पुन्हा गुणाकार केला, तेराच आले. "एवढ्याशा पाण्यावर हे सगळं चालतं? होड्या, बगळे, हे कॅफे?"

"तेच तेच पाणी वर नेतात ना."

"हां. आमचं पाणी परत येत नाही." मग पुढची पाच-सात लॉक ते काही बोलले नाहीत, पण प्रत्येक दाराच्या फटीतून किती गळतंय ते थांबून बघत होते.

माथ्याच्या अलीकडे निळ्या शर्टातले आणि जीवनरक्षक पट्टा घातलेले काही जण होड्यांना दारं उघडून देत होते. त्यांच्यातले बरेचसे पांढऱ्या केसांचे. अण्णांनी विचारायला लावलं की यांना पगार किती, श्रेणी कोणती. ते हसले. पगार नाही, स्वयंसेवक. २०१२ पासून कालवे सरकारी महामंडळाकडून काढून कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे दिलेत, आणि निवृत्त लोक आठवड्यातून एक-दोन दिवस येऊन असं काम करतात. एकजण पूर्वी शाळेत शिकवायचा, एक बँकेत होता.

"यांच्यात पाटबंधाऱ्याचा कुणीच नाही?" अण्णांनी विचारलं. मी भाषांतर केलं. नव्हता.

डिव्हायझिसच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा पाय बोलायला लागले होते. इथून दर वर्षी ईस्टरला वेस्टमिन्स्टरपर्यंत होड्या वल्हवत जायची १२५ मैलांची शर्यत निघते, त्याचा फलक अण्णांनी वाचला आणि मान हलवली. परत जायला बस घ्यावी लागते. डिव्हायझिसचं रेल्वे स्टेशन १९६६ सालीच बंद झालं. आम्ही चिपनहॅमची बस पकडली, तिथून रेडिंगची गाडी.

बसमध्ये अण्णांनी विचारलं, त्या निळ्या शर्टाच्या कामाला व्हिसा कोणता लागतो. मी थट्टा समजले. घरी आल्यावर नियम वाचले तर व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी एकूण ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते. अण्णांचे परतीचे तिकीट जुलै अखेरचं आहे. ट्रस्टला ईमेल लिहून दिलाय, अनुभवाच्या रकान्यात नीरा डावा कालवा. आईचं म्हणणं, आधी मनगट सांभाळून ते हँडल फिरवायला नीट शिकून घ्या.